मधल्या रांगेतले उंदीर

“मॅडम, उंदरांची लग्नं कोण जमवतं?”

 सभागृहात जे हसू फुटलं, ते मुख्याध्यापिका बाईंनी टेबलावरची घंटी चार वेळा बडवली तरी थांबेना. मागच्या बाकावर आल्फिया आणि रेवा एकमेकींच्या अंगावर कोसळून खिदळत होत्या. पैज त्यांचीच होती. “उठून विचारून दाखव, नाहीतर सहामाहीपर्यंत तुला ‘मुकी मैना’च म्हणणार.” मी तेव्हा आठवीत होते. आज मला बोलताना थांबवायला माणूस लागतो, पण तेव्हा वर्गात ‘हजर’ सोडून दुसरा शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

त्यात भर म्हणजे व्यासपीठावरच्या मॅडम म्हणजे माझी सख्खी आत्या. वैजू आत्या. आमच्या साताऱ्यातल्याच एका कॉलेजात ती उंदरांवर संशोधन करते. ती हसली नाही. माइक जवळ ओढून म्हणाली, “मीच जमवते. पत्रिका बघत नाही, मानपान घेत नाही. सगोत्र मात्र अजिबात चालत नाही. आणि स्थळात बघते एकच गोष्ट.”

ती एक गोष्ट अशी. उंदराला गोड पाणी प्यायला द्यायचं आणि लगेच एक इंजेक्शन, ज्यानं थोडा वेळ पोट ढवळतं. पुढे त्याच्यासमोर साधं आणि गोड अशी दोन्ही पाणी ठेवायची. काही उंदीर गोड पाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काही खुशाल पितात, जणू काही झालंच नव्हतं. न पिणाऱ्यांची लग्नं न पिणाऱ्यांशी लावायची, पिणाऱ्यांची पिणाऱ्यांशी. मग त्यांच्या पोरांची तीच परीक्षा. आत्याकडे ही चौदावी पिढी चालू होती आणि आता ती दोन वेगळी घराणीच झाली होती.

“म्हणजे पहिलं घराणं हुशार आणि दुसरं ढ?” हे मीच विचारलं. याची कुणी पैज लावली नव्हती.

“नाही गं. भूलभुलय्यात सोडलं तर दोन्ही सारखेच धडपडतात. फरक फक्त याच बाबतीत.” आत्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “रविवारी या पिढीची परीक्षा आहे. येतेस?”

बाहेर पडताना रेवा म्हणाली, “तुझी आत्या लईच भारी. तू तिच्यावर का नाही गेलीस?”



*

आमचं दुकान म्हणजे धुमाळ कंदी पेढेवाले. साताऱ्यात पेढेवाले पुष्कळ, पण आमच्यासारखी दसऱ्याची रीत कुणाकडे नाही. दसऱ्याला सकाळी कढई, उलथनं, तराजू यांची पूजा होते. नव्या घाण्यातला पहिला पेढा घरातल्या थोरल्या अपत्यानं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर खायचा आणि मगच विक्री सुरू. पणजोबांपासून असं चालत आलंय. बाबांनी लहानपणी खाल्ला. आता माझी पाळी होती, कारण मी एकुलती एक.

आणि मला पेढा जात नव्हता.

दुसरीत असताना एका संध्याकाळी मी दुकानात बसून दोन पेढे खाल्ले आणि रात्री उलट्यांनी बेजार झाले. डॉक्टर म्हणाले, जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यानं झालंय, पेढ्याचा काही संबंध नाही. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. फक्त पोटाला पटलं नाही. तेव्हापासून पेढा ओठांपाशी आला की तोंडात पाणी सुटायचं, पण ते खाण्याआधीचं नव्हे, ओकारीआधीचं. आदल्या दसऱ्याला मी पेढा गालात धरला, ‘छान झालाय’ म्हणाले आणि भट्टीमागे जाऊन रुमालात काढला. बाबांनी पाहिलं.

वाईट याचं वाटायचं की मला दुकान फार आवडायचं. खव्याच्या टेम्पोचा हॉर्न, भट्टीची धग, दोरीच्या एका झटक्यात बांधलेला खोका. मला सगळं येत होतं. आणि नाक तर असं की खवा टेम्पोतून उतरायच्या आत मी सांगायचे, “बाबा, तिसरी पाटी आंबूस.” बाबाही त्याच क्षणी नाक मुरडत असायचे. आई म्हणायची, “बापलेकीनं एकच नाक वाटून घेतलंय.” चव बघायचं काम मात्र आईचं. बाबांची शुगर काठावर आहे, असं आम्हाला माहीत होतं.

त्या आठवड्यात बाबांनी नवीनच काढलं होतं. जेवण झालं की ताटलीत वाटाण्याएवढा पेढा यायचा.

“गीळ.”

“बाबा, नको ना.”

“औषध समज. सवयीनं जातं सगळं.”

“अहो, राहू द्या की. पोरीचे डोळे बघा,” आई म्हणायची.

“दसऱ्याला गिऱ्हाईक डोळेच बघतं.” बाबा रागावलेले नसायचे, हेच जास्त भयंकर होतं. “मंजे, पेढा न खाणाऱ्याच्या हातात दुकान देत नाहीत. तुझ्या आजोबांनी कढईपुढं उभं करून हे सांगितलंय मला.”

मी पाण्याच्या घोटाबरोबर गोळीसारखा गिळायचे. मग मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडायचे, म्हणजे बाहेर आवाज जात नाही.

*

रविवारी आईनं आत्यासाठी पेढ्यांचा डबा दिला. तो मीच भरला होता. हाताला वास घेऊनच मी कॉलेजच्या मागच्या बैठ्या इमारतीत शिरले. दारातल्या शिंगाडे काकांनी डबा काढून घेतला आणि मला चपला बदलायला लावल्या. उंदरांची झाडलोट, दाणापाणी सगळं काकांकडे होतं.

आत भुशाचा उबदार वास. एका भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर एकाखाली एक अशा पिंजऱ्यांच्या तीन रांगा. दाराकडच्या निम्म्या पिंजऱ्यांना निळ्या चिठ्ठ्या, पलीकडच्यांना पिवळ्या. निळे म्हणजे एकदा पोट ढवळलं की गोड पाणी सोडणारे. पिवळे म्हणजे काही न सोडणारे. दिसायला सगळे सारखेच, पांढरेशुभ्र आणि गुलाबी कानांचे. मी तर प्रेमातच पडले.

“हात लावायचा नाही, नुसतं बघायचं,” आत्या म्हणाली. आज तिचा आवाज शाळेतल्यासारखा मोकळा नव्हता.

“आत्या, तुला भीती वाटतेय?”

“उद्या समिती येतेय. ही इमारत दुसऱ्या विभागाला हवीये. या पिढीतही दोन घराण्यांत फरक पक्का दिसला तर काम चालू राहील. नाही दिसला तर पिंजरे उचलायचे.”

“आणि उंदीर?”

आत्या बाटल्या पुसत राहिली. शिंगाडे काका जमिनीकडे बघायला लागले. 

गोड पाणी आणि इंजेक्शनचा भाग आधीच झाला होता. आज प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या अडकवायच्या, एक साधी, एक गोड. मी श्वास रोखून दाराजवळच्या मधल्या रांगेतल्या पहिल्या निळ्यासमोर उभी राहिले. तो उठला. मिशा हलवल्या. साध्या पाण्याची नळी हुंगली. मग वळला, गोड पाण्याच्या नळीला तोंड लावलं आणि पीतच राहिला.

“आत्या, हा पितोय.”

“एखादा असतो तसा.”

पण शेजारचाही प्यायला. त्याच्या शेजारचाही. मी उत्साहानं सांगत सुटले आणि दर वेळी आत्याचा चेहरा आणखी उतरला. तिनं बाटल्या काढून वजन करायला घेतल्या. एकेक बाटली काट्यावर ठेवून ती आकडा दोनदा वाचायची आणि बाटली परत अडकवायची. मी माझ्या आत्याला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. अण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या तेराव्यालासुद्धा सगळं तिनंच सांभाळलं होतं.

“निळ्यांत इतके पिणारे,” ती पुटपुटली. “चौदा पिढ्या. कुठं चुकलं माझं?”

“बाई, औषध जुनं झालं असेल का?” काका म्हणाले.

“एकाच कुपीतलं सगळ्यांना टोचलं काका. मग वरच्या रांगेला कसं लागलं?”

ते माझ्या डोक्यात अडकलं. मी वर पाहिलं. वरच्या रांगेतल्या निळ्यांची गोड पाण्याची बाटली जवळजवळ भरलेली होती. खाली वाकले. खालच्या रांगेचीही. रिकाम्या होत चाललेल्या बाटल्या सगळ्या मधल्या रांगेत होत्या.

“आत्या, पिणारे सगळे मधल्या रांगेतलेच आहेत.”

“पाहिलं मी. योगायोग असेल.”

मी मधल्या रांगेकडे बोट करून दाखवायला गेले आणि बोट जाळीच्या जरा जास्तच जवळ गेलं. तो निळा धावतच पुढे आला. मागचे दोन पाय टेकून उभा राहिला आणि जाळीतून नाक काढून माझं बोट हुंगायला लागला. शेजारचाही आला. त्याच्यापलीकडचाही. दारात बाबा दिसले की दुकानापुढची मांजरं कशी गोळा होतात, अगदी तसं. मी स्टुलावर चढून तेच बोट वरच्या रांगेपुढे धरलं. वरचा उंदीर कोपऱ्यात सरकला. खालच्या रांगेतले जागचे हलले नाहीत.

“हात लावू नको म्हटलं होतं ना!”

“नाही लावला. आत्या, माझ्या हाताला पेढ्याचा वास आहे. या उंदरांना पेढा माहितीये.”

 आत्या हळूच वळली. माझ्याकडे नाही, शिंगाडे काकांकडे. काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

“बाई, माझ्या पोटावर पाय देऊ नका.”

“काका, कोण आलं होतं इथं?”

“गणपतीत... आपल्या कॉलेजच्या गणपतीत तुमचे दादा रोज प्रसादाचे पेढे घेऊन यायचे. आरती झाली की म्हणायचे, शिंगाडे, दार उघडा, बाप्पाच्या वाहनाला प्रसाद दाखवून येतो. आता गणपतीच्या दिवसांत उंदराला प्रसाद नको, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी दाराशीच उभा राहायचो.”

आत्या मटकन स्टुलावर बसली. मला वाटलं आता ती ओरडेल, पण ती हसली. फार विचित्र हसली.

“कळलं का मंजे? रोज खाऊन ज्या चवीनं काही वाईट झालं नाही, तिच्यावर पोट सहजासहजी आळ घेत नाही. घरात चोरी झाली आणि त्याच दिवशी एक परका माणूस येऊन गेला, तर संशय त्याच्यावर. रोजच्या दूधवाल्यावर कोण घेईल? या रांगेला गोड चव दूधवाल्यासारखी झाली होती.”

“मग झालं ना! मधली रांग सोडून दे. वरचे आणि खालचे बरोबर आहेत.”

“न आवडलेली रांग गाळली, असंच म्हणतील उद्या. आणि समितीत मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मला सांगणारा माणूस हवा. कुठल्या पिंजऱ्यांना दिलं, रोज दिलं का, किती दिलं. काका दाराबाहेर होते. ते दादालाच माहीत.”

मी काकांना विचारलं, “बाबा आत जाताना हातात किती पेढे असायचे?”

“एकच. आरतीनंतर मिळतो तो. त्यांच्या वाट्याचा.”

“आणि बाहेर येताना?”

“हात रिकामा. रुमालानं पुसत यायचे.”

माझा हात खिशातल्या रुमालावर गेला. 

*

बाबांनी सरळ नाही म्हटलं.

संध्याकाळची वेळ, दुकान नोकरांवर सोडून सगळे माजघरात. बाबा झोपाळ्यावर, आत्या समोर पाटावर, आई दाराला टेकून. मी मधे.

“दादा, मी रागावले नाहीये. फक्त उद्या सकाळी येऊन एवढंच सांग की तू त्यांना पेढा दिलास.”

“शिंगाडेला चष्मा लागलाय. कधीतरी एखादा कण टाकला असेल जाळीतून. त्यानं काय आभाळ कोसळलं?”

“कणानं एवढं होत नाही. रोज दिला असशील तरच होतं.”

“रोज कशाला देईन? मला दुकान नाही? धंदा नाही?”

“मग नाही दिलास?”

“नाही.”

“अहो, बहीण आहे तुमची,” आई म्हणाली. “तिची इतक्या वर्षांची मेहनत—”

“तू मधे बोलू नको. आणि वैजू, तू त्या साहेबलोकांसमोर मला उभं करणार? धुमाळ पेढेवाल्यानं उंदीर बिघडवले म्हणून? गाव हसेल.”

आत्या उठली. पदर खांद्यावर घट्ट घेतला. “ठीक आहे. परवा पिंजरे उचलतील. मी येते, वहिनी.”

मला त्या उंदराचं जाळीतून आलेलं नाक दिसत होतं. आणि रुमाल. मी झोपाळ्यापुढे जाऊन उभी राहिले.

“बाबा, गणपतीत तुमच्या वाट्याचा पेढा रोज कुठं जायचा?”

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली.

“कुठं म्हणजे? खायचो.”

“सगळ्यांसमोर?”

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

“मी गालात धरते,” मी म्हणाले. “मग काहीतरी निमित्त काढून बाहेर जाते. मग रुमाल. बाबा, मला माहितीये ते कसं करायचं. तुम्हाला आरतीतून बाहेर पडायला निमित्त हवं होतं ना?”

 मला वाटलं आता थोबाडीत बसणार. बाबांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग आपल्याच हातांकडे. खव्यानं मऊ झालेले ते हात त्यांनी मांडीवर पालथे ठेवले.

“टाकायचा कुठं?” ते म्हणाले. “प्रसाद तो. गटारात टाकू? उंदीर निदान आवडीनं खायचे.”

आत्या परत पाटावर बसली. “दादा, विहिरीच्या पाण्यानं आपण दोघं आजारी पडलो होतो, तेव्हापासून?”

“तुला आठवतंय?”

“एकाच परातीतले पेढे खाल्ले होते आपण त्या दिवशी. दोघांच्याही उलट्या थांबेनात. बरी झाल्यावर मी परत डब्यात हात घातला आणि तू ओट्यामागे लपलास. अण्णांनी तुला ओढत कढईपुढं नेलं.” आत्या पाटावरून पुढे सरकली. “मला वाटलं, पुढं गेलं असेल तुझं. मी चौदा पिढ्या उंदरांना विचारतेय, हा विसरतो आणि तो का विसरत नाही. घरात विचारलंच नाही.”

“आत्या, मग मी बाबांच्या घराण्यातली? निळी?”

“माणसांचं असं उंदरांवरून ठरवत नाहीत. दोघांना पाहून नियम तर अजिबात नाही,” आत्या म्हणाली, पण बाबांकडे बघत.

 आई दारातून पुढे आली. “आपल्या लग्नात मी पेढ्याचा घास भरवला होता. तेव्हा तुम्हाला ठसका लागला होता.”

“रुमालात गेला तो,” बाबा म्हणाले.

“आणि ती शुगर?”

बाबांनी मान हलवली. नव्हतीच.

“म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला बिनसाखरेचा चहा पाजतेय?”

“सवयीनं जातो,” बाबा म्हणाले.

आत्याला हसू फुटलं, मला फुटलं, आई मात्र डोळे पुसत आत निघून गेली. बाबा झोपाळ्यावर तसेच बसून होते. उद्या येतो असं ते म्हणाले नाहीत.

*

सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, “शाळा बुडव. स्कूटरवर बस.”

समितीत तीन माणसं होती. मधले पांढऱ्या केसांचे सर आमचे जुने गिऱ्हाईक निघाले, तेव्हा बाबांचा चेहरा पडला. मी दाराशी शिंगाडे काकांच्या शेजारी उभी होते. काका पुटपुटत स्तोत्र म्हणत होते.

बाबांनी मांडणीपाशी जाऊन एकेका पिंजऱ्याला हात लावून दाखवला. हा, हा, हा. छातीच्या उंचीची रांग, दाराकडून शेवटच्या निळ्यापर्यंत. “पेढा कुस्करून सगळ्यांत वाटायचो.”

“एखाद्या दिवशी दिला असेल,” सर म्हणाले.

“दहाही दिवस दिला.”

“दहा दिवस? तुमच्यासारखा धंद्यातला माणूस रोज इथं येऊन उंदरांना पेढा भरवतो? अहो धुमाळ, बहिणीसाठी सांगताय ना हे?”

आत्यानं हातातले आकड्यांचे कागद खाली ठेवले. आता कुणीच विश्वास ठेवणार नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, नवस सांगा. नवस होता म्हणा. नवसाला साताऱ्यात कुणी ‘का’ असं विचारत नाही.

“साहेब, तो माझ्या वाट्याचा पेढा होता,” बाबा म्हणाले. “मला पेढा जात नाही. लहानपणापासून. लोकांसमोर टाकता येत नाही म्हणून इथं आणायचो.”

सर हसायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. “आमच्या घरी तीन पिढ्या तुमचाच पेढा येतो.”

“येऊ द्या की,” बाबा म्हणाले. “चांगलाच असतो तो.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आत्याला म्हणाले, “मधली रांग वेगळी ठेवा, कारणासकट. बाकीच्यांचे आकडे दाखवा.”

त्या आकड्यांत फरक स्वच्छ होता. तरी समितीनं पुढच्या पिढीची परीक्षा परत करायला सांगितली, आणि तोवर इमारत आत्याकडेच राहिली. शिंगाडे काकांना लेखी समज मिळाली आणि दाराला नवं कुलूप आलं. मधल्या रांगेतला तो पहिला निळा मी निघताना जाळीशी येऊन उभा राहिला. मी दोन्ही हात पाठीमागे धरले.

 दुकानात शिरल्यावर बाबांनी नेहमीसारखी बंडी चढवली, भट्टीपुढे उभे राहिले आणि उलथनं हातात घेतलं. आई खोके बांधत होती. खवा चुरचुरायला लागला.  मी कढईच्या या बाजूला उभी राहिले.

“आई, बाबा, दोघंही ऐका. या दसऱ्याला पहिला पेढा मी खाणार नाही.”

बाबांचा हात थांबला. “मग कोण?”

“आत्या. ती याच घरातली लेक आहे, आणि तिला पेढा आवडतो. तिला कधी कुणी विचारलंच नाही.”

“अगं, आणि गिऱ्हाइकांनी विचारलं तर?” आई म्हणाली.

“मी शेजारीच असेन. सांगेन की मला पेढा जात नाही आणि बाबांनाही जात नाही, म्हणून तर आमची नाकं इतकी तिखट, आणि खराब खवा या दाराच्या आत येत नाही.” बाबा काहीतरी बोलणार होते, पण माझं अजून संपलं नव्हतं. “आणि बाबा, उलथनं हलवा, तळाला लागतंय, मला वास येतोय. शाळा-कॉलेज सगळं शिकेन मी. पण पुढं हे दुकान मीच चालवणार. पेढा न खाता.”